भांगर, बंगार आणि भंगार

आपल्या गोव्यात सोन्याला भांगर म्हणतात. इथलं एक कोकणी दैनिक तर 'भांगरभूंय' हेच नाव लावून निघतं. घाट चढून कर्नाटकात गेलं की त्याच सोन्याचं 'बंगार' होतं. आणि मराठीत? 'भांगर' लिहिताना 'भ'ला दिलेला काना तेवढा उचलून 'ग'ला लावा, झालं भंगार! म्हणजे मोडकी बादली, गंजका पंप, फुटका पत्रा... काना एक अक्षर पुढे सरकला की सोन्याची मोडतोड होते. ही शब्दांची गंमत मी पुष्कळ वर्षं मित्रमंडळींत सांगत आलो आहे. पण भंगार आणि बंगार हे दोन्ही शब्द एकाच बाजारात, कधी कधी एकाच माणसाच्या तोंडून ऐकू येतात अशा मुलखात एकदा जुने टीव्ही, मोबाईल आणि चार्जर गोळा करायला बसण्याचा योग आला. तेव्हा या गमतीच्या पोटात बराच हिशोब दडलेला आहे हे लक्षात आलं. तोच आज सांगतो.

हा मुलूख म्हणजे बीदर आणि कलबुर्गीचा सीमाभाग. (२०१४ पर्यंतचं गुलबर्गा.) आपल्याकडच्या पुष्कळांना तो गाणगापूरपुरता माहीत असतो. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, निर्गुण पादुकांचं दर्शन, दुपारी मधुकरी, आणि परतीची गाडी. थोडे अधिक हिंडणारे हुमनाबादजवळच्या माणिकनगरलाही जाऊन येतात. पण गाणगापूरहून उत्तरेला आळंद, बसवकल्याण, भालकी, औराद असे वर वर जात राहिलात तर एक वेगळीच दुनिया लागते. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी. १९५६ पर्यंत हा सगळा प्रांत हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली आणि एकट्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात आणि भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. नकाशावर रेघ पडली, सोयरिकी मात्र राहिल्या. आजही भालकीकडच्या घरात फ्रीज येतो उदगीरहून, मुलगा नोकरीला असतो हैदराबादला किंवा पुण्याला आणि शिक्का मारून घ्यायचा तो बीदरला.

माझे एक स्नेही भालकी तालुक्यातल्या एका गावी राहतात. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. गाणगापूरला एका दत्तजयंतीला ओळख झाली आणि ती टिकली. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. त्यांची लेक पुण्याला असते. तिथे पूर्णम इकोव्हिजन या संस्थेची 'ई-यंत्रण' नावाची मोहीम जानेवारीत होते. ठिकठिकाणी केंद्रं लावून लोकांकडचा इलेक्ट्रॉनिक कचरा गोळा करतात. गुरुजींनी तो प्रकार लेकीकडे राहायला गेले असताना पाहिला आणि त्यांच्या मनाने घेतलं की आपल्या गावात हे का होऊ नये? २०२३ च्या दिवाळीत त्यांचा फोन आला, "येळवशीला या. जेवणही होईल आणि कामही होईल."

येळवस म्हणजे वेळा अमावास्या, मार्गशीर्षातली. आपल्याकडे हा सण नाही. लातूर, बीदर, कलबुर्गी या पट्ट्यात मात्र त्या दिवशी गावं रिकामी होतात. सगळे शेतात. ज्वारी कमरेच्या वर आलेली, कडब्याची खोप केलेली, तिच्यात पांडवांची पूजा आणि मग भज्जी, उंडे, आंबील. शहरात गेलेली मुलं दिवाळीला आली नाहीत तरी येळवशीला येतात. गुरुजींनी तारीख निवडली ती हे ओळखून. अमावास्या होती गुरुवारी, ११ जानेवारी २०२४ ला. संकलन त्यानंतरच्या रविवारी. कारण माळ्यावर चढून टीव्ही खाली काढायला तरुण पाठ लागते, आणि "आई, हे आता चालू होणार नाही" हे सांगायला पोटचा मुलगाच लागतो.

तयारीत सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका शब्दाने. पत्रक काढायचं होतं तिन्ही भाषांत. 'ई-कचरा' असं मराठीत लिहिलं तर एका आजोबांनी विचारलं, "माझा रेडिओ कचरा हाय का?" प्रश्न बरोबर होता. ज्या वस्तूसाठी माणसाने ज्वारीची पोती विकली ती बंद पडली म्हणून कचरा कशी होईल? कन्नडमध्ये सरकारी कागदांवर 'ई-त्याज्य' लिहितात. मला तो शब्द फार आवडला. कचरा आपोआप होतो, पण त्याग कुणीतरी करावा लागतो. पण पत्रकावर 'त्याज्य' लिहून कोण येणार? शेवटी गुरुजींनी साधं वाक्य लिहिलं: बंद पडलेली विजेची आणि सेलवरची यंत्रं आणा. दखनी बोलणाऱ्यांसाठी हेच उर्दूत लिहिलं गेलं.

दुसरं काम म्हणजे हा माल द्यायचा कुणाला ते ठरवणं. खरं तर हेच पहिलं काम. गोळा काय, कुणीही करील. केंद्र सरकारचे २०२२ चे ई-कचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. मोबाईल-संगणकापासून खेळण्यांपर्यंत १०६ प्रकारच्या वस्तू त्यात येतात. माल विकून मोकळं होण्याची उत्पादकांची रीत त्यात चालत नाही. ठरलेल्या प्रमाणात जुन्या वस्तूंचा पुनर्वापर नोंदणीकृत कारखान्यांतून करवून घेऊन त्याची प्रमाणपत्रं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर दाखवावी लागतात. बॅटऱ्यांसाठी २०२२ चेच वेगळे नियम आहेत. तेव्हा नोंदणी असलेला कारखाना गाठायचा. कर्नाटकात अशा कारखान्यांची परंपरा जुनी. बंगळूरजवळ डाबसपेटला 'ई-परिसर' हा देशातला पहिला अधिकृत कारखाना २००५ मध्येच सुरू झालेला. पण भालकीहून बंगळूर म्हणजे सातशे किलोमीटर. हैदराबाद त्याहून पुष्कळच जवळ. एका टेम्पोच्या डिझेलचा विचार करता गुरुजींनी हैदराबादची वाट धरली. तिथल्या एका नोंदणीकृत कारखान्याशी बोलणी केली, नोंदणीचा कागद मागून घेतला, वजनाची पावती आणि पुढचं प्रमाणपत्र मिळेल असं लेखी घेतलं. मला वाटलं, गावच्या चार टीव्हींसाठी एवढं कशाला? त्यावर म्हणाले, "लोकांनी उद्या विचारलं तर? शाळेत चाळीस वर्षं हजेरीपट लिहिलाय मी."

हजेरीपटावरून आठवलं. गावाजवळच्या एका शाळेत दहा जुने संगणक धूळ खात होते. काचेच्या जाड पडद्याचे. ते मिळाले असते तर आमचा अर्धा टेम्पो भरला असता. पण ते जडवस्तूंच्या नोंदवहीत होते. वस्तू मेली तरी नोंद मरत नाही. निर्लेखनाचा ठराव, वरिष्ठांची मंजुरी, मग लिलाव... आम्ही नमस्कार करून परत आलो. माझा अंदाज असा की देशातला बराच ई-कचरा माळ्यांवर नसून असल्या नोंदवह्यांत असावा.

रविवार हा गावच्या बाजाराचा दिवस. मारुतीच्या पारावर दोन टेबलं, वजनकाटा, वाळूने भरलेल्या बादल्या, चिकटपट्टी आणि एक वही. वाळू कशाला म्हणाल तर फुगलेल्या मोबाईल बॅटऱ्यांसाठी. लिथियमची बॅटरी चेपली किंवा तिची दोन टोकं एकमेकांना टेकली की पेट घेऊ शकते, म्हणून टोकांना चिकटपट्टी लावून वाळूत ठेवायची. काचेच्या टीव्हीला वेगळी जागा, उभं न ठेवता पडद्यावर पालथं घालायचं. त्या नळीत निर्वात पोकळी असते आणि काचेत शिसं. मागची मान फुटली की काच उडते आणि शिसं उघडं पडतं. सीएफएल दिवे पुठ्ठ्यात गुंडाळून, कारण त्यात पाऱ्याची वाफ. हे सगळं गुरुजींनी नववीच्या चार मुलींना पढवून ठेवलं होतं आणि त्या येणाऱ्या प्रत्येकाला इतक्या तावातावाने सांगत होत्या की एक गृहस्थ मोबाईल टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरकले!

काय काय आलं? सगळ्यात जास्त आले ते चार्जर. कुणाच्याच घरी एक चार्जर नव्हता, जुडीच होती, कोथिंबिरीसारखी. मग पाठीवर झाकण नसलेले रिमोट. बटणांचे मोबाईल. डिशच्या पेट्या. मिक्सर, इस्त्री, डीव्हीडी प्लेअर. पोरांची बोलकी खेळणी, आवाज गेलेली. आणि पिशव्या भरून टॉर्चचे सेल. ते सेल बघून पारावरच्या म्हाताऱ्यांना बालपण आठवलं. आतली काळी कांडी काढून पाटीवर लिहायचं! आमच्याकडेही लिहायचे. त्या सेलचं बाहेरचं नळकांडं जस्ताचं असतं, हे मात्र कुणाच्या ध्यानात नसतं. आणि जस्त म्हणजे बीदरचं कुळदैवत म्हणायला हरकत नाही. बिदरी कलेची भांडी जस्त आणि थोडं तांबं यांच्या मिश्रधातूची ओततात, तिच्यावर चांदीची तार ठोकतात आणि मग बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागराच्या पाण्यात कालवून भांडं तिच्यात बुडवतात. धातू काळाभोर होतो, चांदी तेवढी तशीच उजळ राहते. शाह रशीद अहमद कादरी या बीदरच्या कारागिराला २०२३ मध्ये याच कलेसाठी पद्मश्री मिळाली. तर जस्त, तांबं, चांदी हे ज्या जिल्ह्याच्या हातात शतकानुशतकं खेळले, तिथल्या माणसाला आमच्या टेबलावरचा ढीग बघून एवढंच सांगायचं होतं की बाबा, हेही तेच आहे. मोबाईलच्या हिरव्या पट्टीत तांबं आहे, चांदी आहे आणि जोडांवर सोन्याचा मुलामासुद्धा आहे. भंगारात बंगार!

हे नुसतं बोलणं नाही. टोकियो ऑलिंपिकची पदकं जपानी लोकांनी दिलेल्या जुन्या यंत्रांतून घडवली गेली. २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत ७८,९८५ टन यंत्रं जमली, त्यात मोबाईलच ६२ लाखांहून जास्त. त्यातून निघालं सोनं ३२ किलो, चांदी ३,५०० किलो आणि काशासाठी लागणारी धातू २,२०० किलो. आमच्या बाजूच्या रायचूर जिल्ह्यात हट्टीला सोन्याची खाण आहे. कोलारची २००१ मध्ये बंद झाली, हट्टीची चालू आहे. तिथे टनभर दगड फोडून काही ग्रॅम सोनं हाती लागतं. टनभर मोबाईलमधलं सोनं त्याच्या कितीतरी पट असतं. फक्त तो टनभर दगड एका जागी मिळतो आणि टनभर मोबाईल हजारो घरांच्या खणांत, पिशव्यांत, उशाशी पसरलेले असतात. म्हणजे खरी खाण माणसांच्या मनात खोदायची असते.

आणि मनं सहज खोदली जात नाहीत. दुपारी एका जुन्या वाड्यातून दोघे नातू लाकडी पेटीचा रेडिओ उचलून घेऊन आले. व्हॉल्व्हचा. मागोमाग काठी टेकीत त्यांचे आजोबा. या पेटीवर १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती जाहीर केल्याचं वाड्यातल्या ओसरीवर ऐकलं, असं ते सांगत होते. ओसरीवर कोण कुठे बसलं होतं तेही सांगितलं. नातवांना घर बांधायचं होतं, वाडा पाडायचा होता, त्यात ही पेटी कुठे ठेवायची? मला आपला आंबोली आणि कॅसलरॉकच्या जंगलातून चालणारा 'व्हॉइस ऑफ फ्रीडम' आठवला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ पासून १९६१ पर्यंत चालवलेला. तो पोर्तुगिजांच्या कानाआड, आवाज बारीक करून ऐकणारी एक पेटी आपल्याकडे कुठल्या तरी घरात असेलच. ती आज कुठल्या भंगारअड्ड्यावर गेली? गुरुजींनी तो रेडिओ वहीत लिहून घेतला नाही. नातवांना म्हणाले, "हे आमच्या कामाचं नाही. घेऊन जा. नव्या घरात याला एक फळी करा." आजोबा काही बोलले नाहीत. पाराच्या कडेला तासभर रेडिओ मांडीवर घेऊन बसून राहिले. संकलन करणाऱ्याला काय घ्यायचं याच्याइतकंच काय परत पाठवायचं हेही कळावं लागतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

मोबाईलच्या बाबतीत अडचण वेगळी. एक बाई येऊन फोन टेबलावर ठेवायच्या आणि पुन्हा उचलायच्या. आत नवऱ्याचे फोटो होते, फोन चालू होत नव्हता. आमच्या चार मुलींपैकी एकीने तो आपल्या चार्जरला लावला, अर्ध्या तासाने पडदा उजळला, फोटो त्यांच्या नव्या फोनमध्ये घेतले, मग जुना पुसून कोरा केला. हे काम पत्रकात कुठेच नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिच्यापुढे रांग लागली होती. शहरातली मोहीम असो की गावातली, असा एक जाणता पोरगा किंवा पोरगी टेबलाशी बसवली तर निम्मे फोन जास्त जमतील असं माझं मत झालं आहे.

आणि मग तो आला. भंगारवाला. आठवडी बाजार म्हणजे त्याचाही धंद्याचा दिवस. मोपेडला दोन्ही बाजूंना पोती. पारासमोर थांबून त्याने ढिगाकडे पाहिलं आणि एका नजरेत सगळ्याचं मोल केलं. मग हसून गुरुजींना म्हणाला, "हे नेऊन काय करायलाव, गुरुजी?" गुरुजींनी सांगितलं. तो म्हणाला, "तुम मुफत में लेरे, मैं पैसे देरा. मेरेकू बुरा कायको बोलते?"

पारावर शांतता पसरली. कारण बोललेलं खोटं नव्हतं. आम्ही घरोघर जाऊन सांगत होतो की जुनी यंत्रं भंगारवाल्याला देऊ नका. आणि हा माणूस वीस वर्षं त्याच घरांतून बाटल्या, पत्रा, कागद उचलत आला होता. त्याने उचललं नसतं तर ते ओढ्यात गेलं असतं. गुरुजींनी त्याला चहा पाजला. बोलता बोलता त्याने धंद्याचं गणित उलगडलं. टीव्हीत त्याला फक्त मानेभोवतीची तांब्याची गुंडाळी हवी असते. ती काढायला मान फोडायची. काच राहते ती ओढ्याकाठी. मोबाईलच्या पट्ट्या तो पुढच्या व्यापाऱ्याला देतो, ते शहरात जातं. पुढे तेजाबात टाकतात म्हणाला, "ते मी बघितलं नाही, पण वास ऐकून आहे." आणि वायरी? वायरी तो जाळतो. तो म्हणजे त्याचा पुतण्या, बारा-तेरा वर्षांचा. संध्याकाळी ओढ्यात. प्लास्टिक जळून तांबं सुटं होतं आणि सुट्या तांब्याला भाव चांगला मिळतो.

त्या धुराचं काय होतं ते आता जगाला ठाऊक आहे. वायरीचं आवरण जळताना डायॉक्सिनसारखी विषं निघतात. शिसं मुलांच्या मेंदूवर आयुष्यभराचा परिणाम करतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये खास मुलं आणि ई-कचरा याच विषयावर अहवाल काढला. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के नोंद होऊन नीट कारखान्यात गेला. बाकीच्याचं काय झालं याचं एक उत्तर आमच्यासमोर पारावर बसून चहा पीत होतं. दुसरं उत्तर ओढ्यात होतं, बारा-तेरा वर्षांचं.

पुण्याने या बाबतीत एक वाट फार पूर्वी दाखवली आहे. डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायकांनी आम्ही कामगार आहोत असं म्हटलं, ओळखपत्रं घेतली, आणि पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघून २००८ पासून महापालिकेबरोबर काम करू लागली. कचऱ्यावर जगणाऱ्याला बाजूला सारायचं नाही, त्यालाच त्या कामाचा जाणकार मानायचं, हे त्यातलं सूत्र. गुरुजींनी ते वाचलं होतं की नाही कोण जाणे, पण त्यांनी केलं तेच. कारखान्याकडून पट्ट्यांचे आणि मोटारींचे जे थोडे पैसे येणार होते ते त्या भंगारवाल्याला द्यायचे आणि त्याने गावोगावी मिळणारे टीव्ही न फोडता, मोबाईल न उघडता गुरुजींच्या गोठ्यात आणून ठेवायचे. मोपेडच्या पेट्रोलसह. टीव्ही आणि मोबाईलला तो कबूल झाला. वायरींना नाही. "तांब्यावर माझं घर चालतं," हे त्याने स्पष्ट सांगितलं. गुरुजींनी पुढल्या महिन्यात हैदराबादच्या कोठीतून वायर सोलायचं हाताने फिरवायचं यंत्र आणून त्याला दिलं. जाड केबल त्यात झकास सोलली जाते. बारीक वायरीला ते लागू पडत नाही. त्या तो अजून जाळतो, पण पुतण्याला पाठवत नाही, असं गुरुजींचं पत्र सांगतं. मुलगा शाळेत जातो का, हे मी विचारलं तर उत्तर आलं, "बाजाराचा दिवस सोडून."

संध्याकाळी टेम्पो भरला. भरला कसला, अर्धाच. जवळच्या शहरातून एक वार्ताहर आला होता. त्याचा पहिला प्रश्न, "किती टन?" गुरुजी म्हणाले, "टन नाही, किलो." त्याचा चेहरा पडला. बातमी काही छापून आली नाही.

रात्री जेवताना मी तो विषय काढला. तेव्हा गुरुजींनी आयदक्की मारय्याची गोष्ट सांगितली. बसवकल्याण तिथून काही फार लांब नाही. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या काळात देशोदेशीचे शरण त्या कल्याण नगरीत जमले होते. मारय्या आणि त्याची बायको लक्कम्मा त्यांतलेच. जमिनीवर सांडलेले तांदूळ वेचून आणायचे हे मारय्याचं कायक, म्हणजे त्याचं काम आणि त्याची पूजाही. एके दिवशी त्याने रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ वेचून आणले. लक्कम्माने ते घेतले नाहीत. आपल्याला लागतात तेवढेच आणायचे, जास्तीचे जिथून आणले तिथे टाकून ये, असं सांगून नवऱ्याला परत पाठवलं. वेचणाऱ्यालासुद्धा हाव सुटू शकते, हे त्या बाईने आठशे वर्षांपूर्वी ओळखलं. गुरुजी म्हणाले, "वार्ताहराला टन पाहिजेत. टन जमवायचे तर लोकांनी टनाने विकत घेतलं पाहिजे, टनाने मोडलं पाहिजे. ते आपलं काम नव्हे."

मला गाणगापूरची मधुकरी आठवली. दुपारी दत्तमहाराज स्वतः भिक्षेला येतात या श्रद्धेने तिथे घरोघर मधुकरी घालतात आणि मागतात. मधुकर म्हणजे भुंगा. पाच घरांतून थोडं थोडं घ्यायचं, कुठलंच फूल कोमेजू द्यायचं नाही. बीदर-कलबुर्गीच्या या मातीत वेचण्याचे आणि मागण्याचे हे दोन संस्कार शेजारी शेजारी वाढले. एक म्हणतो जास्त नको, दुसरा म्हणतो सगळ्यांकडून घ्या. एखाद्या संकलनाला याहून वेगळे नियम काय लागतात?

आपल्या गोव्यात भंगारअड्डा हा शब्द उच्चारला की आग, रस्त्याकडेची अतिक्रमणं आणि राजकारण एवढंच आठवतं. त्या अड्ड्यांवर आपल्याच घरातलं सामान असतं हे आपण सोयीस्करपणे विसरतो. चवथीच्या आधी घर साफ करताना दर वर्षी माळ्यावरून काय काय निघतं ते आठवून बघा. यंदा ते दारात आलेल्या पहिल्या गाडीवर टाकण्याआधी तीन गोष्टी विचारा. हे कुठे जाणार? त्या कारखान्याची नोंदणी आहे का? वजनाची पावती मिळेल का? उत्तर मिळालं नाही तर आणखी चार महिने माळ्यावर राहू द्या, बिघडत नाही. फक्त फुगलेली बॅटरी तेवढी ठेवू नका. आणि नेणारा ओळखीचा भंगारवाला असेल तर त्याला हाकलू नका. बसवा, चहा द्या, वायरी कोण जाळतं ते विचारा.

गुरुजींच्या गोठ्यात आता म्हैस नाही. तिथे पालथे घातलेले टीव्ही असतात, वहीत नोंद केलेले. पुरेसे जमले की हैदराबादला टेम्पो जातो. घाई नाही. गेल्या पत्रात त्यांनी कळवलं आहे की त्या जुन्या वाड्याच्या जागी नवं घर उभं राहिलं, स्लॅबचं. वास्तुशांतीला गेले होते. बैठकीच्या खोलीत मोठा सपाट टीव्ही आहे आणि त्याच्या शेजारी एक फळी ठोकलेली आहे.